विष्णुपंतांची हिरवी गाडी

विष्णुपंत आठल्ये चहा खायचे. पाणीही खायचे आणि विडीसुद्धा खायचे. बंगालीत या सगळ्याला एकच क्रियापद पुरतं, आणि विष्णुपंतांचा जन्म कलकत्त्यातलाच. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून नोकरीसाठी आले ते परत गेलेच नाहीत. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मात्र साताऱ्याच्या. ‘‘चहा पितात, विडी ओढतात,’’ असं त्या लग्न झाल्यापासून सांगत आल्या होत्या. विष्णुपंत मान डोलवायचे आणि पुढच्याच पाहुण्याला म्हणायचे, ‘‘या, बसा. चहा खाऊन जा.’’

स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या वर्षी माझी नागपूरहून कलकत्त्याला बदली झाली. मी एकटाच होतो. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की बेहालाला एक मराठी ड्राफ्ट्समन राहतात, त्यांच्या घरी वरची खोली रिकामी आहे. ट्रामने गेलो. घर जुनं, बैठं, त्यावर एकच खोली चढवलेली. मागे मोठं अंगण आणि अंगणात पूर्वी कुणाच्या तरी घोड्यांसाठी बांधलेली पत्र्याची शेड. विष्णुपंतांनी मला खोली दाखवली दोन मिनिटं आणि शेड दाखवली अर्धा तास. वास्तविक शेडमध्ये तेव्हा काहीच नव्हतं.

‘‘इथे गाडी राहील,’’ ते म्हणाले.

‘‘कुठली गाडी?’’

‘‘ते अजून ठरलं नाही.’’

ते पन्नाशीच्या आतले होते. अंगाने किरकोळ, धोतरावर शर्ट, शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेला कॅलिपर. मोजायची सवय ऑफिसातून घरी आलेली होती. वहिनींनी पोळी वाढली की एखाद्या दिवशी तीही मोजून पाहायचे आणि जेवायला लागायचे. वहिनींनी एकदा विचारलं, ‘‘जाड झालीये का?’’ तर म्हणाले, ‘‘नाही. सगळीकडून सारखी आहे. हे सोपं नसतं.’’ वहिनी दोन दिवस खुशीत होत्या.

लहानपणी देवी आल्या, तेव्हापासून त्यांचा डावा डोळा अधू होता. कागदावरच्या रेषेला एक डोळा पुरतो, पण रस्त्यावर अंतर कळायला दोन लागतात. त्यामुळे गाडी चालवायचा परवाना त्यांना कधी मिळाला नाही, आणि त्यांनी तो मागितलाही नसावा. गाड्यांचं वेड मात्र शाळेपासूनचं. पूर्वी ते चौरंगी रस्त्यावर उभे राहून जाणाऱ्या गाड्या बघत, आवाज ऐकत, घरी येऊन चित्रं काढत. माझ्यासमोर त्यांनी अशा तीन वह्या ठेवल्या होत्या.

त्या काळात इंग्रज लोक निघून चालले होते आणि त्यांच्या सामानाचे लिलाव व्हायचे. गंगेकाठच्या एका ताग-गिरणीच्या इंजिनिअरच्या बंगल्यावर असाच एक लिलाव होता. विष्णुपंत मला घेऊन गेले. लोक बर्फाच्या कपाटाभोवती आणि पियानोभोवती दाटीने उभे होते. विष्णुपंत सरळ मागच्या बाजूला गेले. तिथे फणसाच्या झाडाखाली छप्पर मोडलेल्या गॅरेजमध्ये एक उघड्या टपाची लांबट गाडी उभी होती. टायर सडलेले, मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातलेली. गाडीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता.

बोली लावणारे ते एकटेच होते. साहेब उंच, लालबुंद, कंटाळलेला. सही करताना त्याने विचारलं, ‘‘ही मोडकी गाडी घेऊन काय करणार?’’

विष्णुपंत इंग्रजीत म्हणाले, ‘‘मोडलेली नाही, सर. थांबलेली आहे.’’

गाडी बेहालाला आली ती बैलांनी ओढून. दोन बैल, चार मजूर, दोरखंड. ऊन कडक होतं. विष्णुपंत सगळी वाट शेजारून चालले, आणि त्यांची छत्री त्यांच्या डोक्यावर नव्हती, बॉनेटवर होती. बॉनेटमध्ये तेव्हा उन्हाने तापू नये अशी कुठलीशी तेलाची बाटली ठेवली होती म्हणे. असेलही. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘बैल तरी ठेवून घ्यायचे.’’

पुढची चार वर्षं त्या घरात गाडीचा संसार होता. विष्णुपंतांनी ती पूर्ण उघडली. प्रत्येक भाग काढला की आधी त्याचं चित्र काढायचं, मापं लिहायची, मग तो पुसायचा. ऑफिस सुटलं की सहा ते आठ, आणि रविवारी दिवसभर. घाई नाही. मी एकदा विचारलं की हे कधी संपेल, तर त्यांना प्रश्नच नीट समजला नाही.

गाडी नवी करायची नाही, होती तशी करायची, हा त्यांचा हट्ट. मूळ रंग कोणता हे बाहेरून कळत नव्हतं, तीन-चार थर चढले होते. त्यांनी मीटरच्या फळीमागे, जिथे कधी ऊन पोचलंच नव्हतं, तिथे नखाने खरवडलं आणि आतून गडद हिरवा निघाला. त्या हिरव्यासाठी पाच महिने गेले. रंग कालवायचा, पत्र्याच्या तुकड्यावर लावायचा, वाळला की मागच्या रंगाशी धरून पाहायचा. अंगणातल्या भिंतीवर असे तीसेक तुकडे टांगलेले असायचे. मला त्यातले पंचवीस सारखेच दिसायचे.

पाण्याच्या पंपाचं चाक झिजून गेलं होतं. ते कुठे मिळणार? विष्णुपंतांनी चित्र काढलं आणि हावड्याला ओतकामाचा छोटा कारखाना असलेल्या कार्तिकबाबूंकडे दिलं. कार्तिकबाबू साठीचे, तोंडात कायम पान, आणि आपल्या कामाबद्दल अत्यंत मानी. त्यांनी चाक ओतून दिलं. ते बसलं नाही. दुसरं दिलं, तेही दांड्यावर चढेना. तिसऱ्या वेळी विष्णुपंत त्यांच्या दारात काहीसे चिडून बोलले. मी बरोबर होतो. ते म्हणाले, ‘‘कार्तिकबाबू, चित्रात दिलंय तेवढं केलं असतं तरी पुरे होतं.’’ कार्तिकबाबूंनी पान थुंकलं आणि ते आत निघून गेले.

घरी आल्यावर विष्णुपंतांनी चौथ्यांदा मापं तपासली. मग बराच वेळ शेडमध्ये बसून राहिले. दांडा एका बाजूने झिजलेला होता आणि त्यांनी माप घेतलं होतं ते नेमकं त्या झिजलेल्या बाजूचं. चित्रच चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातून अर्धी रजा घेतली. वहिनी म्हणाल्या, ‘‘रविवारी जा की. एवढं काय अडलंय?’’

‘‘रविवारपर्यंत त्या माणसाला वाटेल की चूक त्याची आहे,’’ विष्णुपंत म्हणाले.

ते हावड्याला गेले, भट्टीपाशी कामगारांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘भूल आमार.’’ चूक माझी. कार्तिकबाबूंनी त्यांना बसायला खोकं दिलं. पुढचं चाक त्यांनी स्वतःच्या हाताने ओतलं, आणि ते बसलं.

टपाची गोष्ट वहिनींची. वहिनींना गाडीचा राग होता असं नाही, पण त्यांनी तिच्याशी संबंधच ठेवला नव्हता. शेडमध्ये त्या जात नसत, दारातून हाक मारत. टपासाठी जाड कॅनव्हास आणून विष्णुपंतांनी तो एका शिंप्याला शिवायला दिला. शिंप्याने शिवून आणला आणि चौकटीवर ताणला. वहिनी कपडे वाळत घालायला अंगणात आल्या होत्या. त्यांनी लांबूनच शिवण पाहिली आणि थांबल्या.

‘‘हे कुणी केलं?’’

‘‘शिंप्याने.’’

‘‘पहिल्या पावसात पाणी आत येईल. कड दुमडलीच नाहीये.’’

विष्णुपंत म्हणाले, ‘‘मला शिवणातलं कळत नाही.’’

त्याच दुपारी वहिनींनी सगळी शिवण उसवली. मग दीड महिना तो कॅनव्हास घरभर पसरलेला होता. मशिनीत तो जाईना, म्हणून त्यांनी दाभणाने, मेण लावलेल्या दोऱ्याने हातानेच शिवला. बोटांना चिंध्या बांधून स्वयंपाक करायच्या. टप चढला त्या दिवशी विष्णुपंतांनी त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि आत बसून पाहिलं. एक थेंब आला नाही. बाहेर येऊन त्यांनी कॅलिपर काढला, टाक्यांमधलं अंतर मोजलं आणि वही आणून त्यात लिहून ठेवलं. वहिनींच्या कामाची ती नोंद पाण्याच्या पंपाच्या पानाशेजारी होती.

गाडी चालू झाली तेव्हा चालवायला मी होतो. नागपुरात मामांच्या गाडीवर मी जुजबी शिकलो होतो. रविवारी सकाळी आम्ही डायमंड हार्बर रोडला तिला थोडं फिरवून आणायचो. विष्णुपंत शेजारी बसून फक्त ऐकायचे. सगळं ठीक होतं, पण तिसरा गिअर काही केल्या सरळ पडायचा नाही. दात करकरायचे, विष्णुपंतांचा चेहरा दात दुखल्यासारखा व्हायचा. शेवटी गिअरची पेटी पुन्हा उघडायची असं त्यांनी ठरवलं.

त्या रविवारी आम्ही परत येऊन गाडी फाटकातून आत घेत होतो, तेव्हा फाटकाशी एक माणूस उभा दिसला. पन्नाशीचा, उंच, मिशा पांढऱ्या होत चाललेल्या, अंगात खाकी कोट. कोटाला पितळेचं एकच बटण उरलं होतं. तो गाडीकडे बघत होता, आमच्याकडे नाही.

‘‘बाबू,’’ तो मला म्हणाला, ‘‘तीसरे में डालने से पहले एक साँस रुकिए. इसकी पुरानी आदत है.’’

विष्णुपंतांनी त्याला विचारलं, ‘‘चालवून दाखवता?’’

तो बसला. बसण्याआधी त्याने चपला काढल्या. गाडी रस्त्यावर नेली, पहिला, दुसरा, मग क्लच दाबून जरा थांबला आणि तिसरा असा पडला की कळलंही नाही. विष्णुपंतांनी डोळे मिटून घेतले होते.

त्याचं नाव रामसूरत. बिहारातल्या छपऱ्याकडचा. त्या इंजिनिअरसाहेबाकडे तो अकरा वर्षं ड्रायव्हर होता, शेवटची काही वर्षं साहेबाच्या नव्या गाडीवर; ही तेव्हा मागे पडून असायची. वहिनींनी चहा आणला, तो पायरीवर बसून प्यायला आणि मग अगदी हळू, जणू दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं म्हणाला, की जाताना ही गाडी तुला देईन असं साहेब त्याला म्हणाला होता. नंतर गावी बायको वारली म्हणून तो दोन महिने गेला. परत आला तर बंगला रिकामा, गाडी नाही. तेव्हापासून लॉरी चालवत होता. मागच्या रविवारी ट्राममधून त्याला ही गाडी दिसली. रंगामुळे ओळखली नाही, आवाजावरून ओळखली.

‘‘कागज कोई नहीं है, बाबू,’’ तो स्वतःच म्हणाला. ‘‘माँगने नहीं आया. देखने आया था.’’

तो गेल्यावर मी विष्णुपंतांना जे कुणीही सांगेल तेच सांगितलं. गाडी लिलावात घेतली आहे, पावती आहे, चार वर्षं राबलात, आता असा कुणी आला तर त्याचं म्हणणं मनावर घ्यायचं कारण नाही.

‘‘तो खोटं बोलत होता असं तुम्हाला वाटतं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तसं नाही वाटत.’’

‘‘मलाही नाही वाटत,’’ असं म्हणून ते शेडमध्ये गेले.

त्यांनी स्कॉटलंडला साहेबाला पत्र लिहिलं. पत्ता गिरणीच्या ऑफिसातून मिळवला. मला वाटतं, साहेबाने साफ नाही म्हणावं अशी त्यांची आतून इच्छा असणार. मी त्यांच्या जागी असतो तर माझी असती. अडीच महिने उत्तर आलं नाही. या काळात रामसूरत दर रविवारी यायचा, गाडी चालवायचा, धुवायचा आणि निघून जायचा. त्याने विषय पुन्हा काढला नाही. दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभे असायचे. एक बंगाली वळणाची हिंदी बोलायचा, दुसरा भोजपुरी वळणाची, आणि त्यांचं एकमेकांना सगळं कळायचं. माझी ड्रायव्हरकी आपोआपच सुटली.

उत्तर आलं. विष्णुपंतांनी ते मला वाचायला दिलं. साहेबाने सभ्यपणे लिहिलं होतं, की गाडी पुन्हा चालते आहे हे वाचून आश्चर्य वाटलं. रामसूरत चांगला माणूस होता. आपण त्याला तसं म्हणालो असू, शक्य आहे. निरोप घेताना माणूस असं काहीबाही बोलतो. कायद्याने गाडी तुमची आहे, तेव्हा तुम्ही मनाला त्रास करून घेऊ नका.

मी म्हणालो, ‘‘झालं तर मग. तुमच्याच बाजूने लिहिलंय.’’

विष्णुपंतांनी पत्राची घडी घातली. ‘‘म्हणालो असू, असं लिहिलंय.’’

‘‘पुढचंही लिहिलंय.’’

‘‘पुढचं त्याचं मत आहे, सोमण. म्हणाला होता का, एवढंच आपण विचारलं होतं.’’

गाडी रामसूरतला द्यायची, असं त्या संध्याकाळी त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘आणि माझा टप?’’

‘‘टप तुझा आहे. काढून ठेवतो.’’

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. उठून दारापर्यंत गेल्या आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहत राहिल्या. ‘‘टपाशिवाय गाडी देतं का कुणी?’’ असं म्हणून आत निघून गेल्या.

पुढच्या रविवारी विष्णुपंतांनी रामसूरतला सही केलेले कागद दिले. रामसूरतला ते वाचता येत नव्हते. त्याने ते हातात धरून ठेवले आणि विचारलं, ‘‘क्या लिखा है?’’ विष्णुपंतांनी सांगितल्यावर तो पायरीवर खालीच बसला. मग कागद परत करू लागला. विष्णुपंत घेईनात. असं दोन-तीनदा झालं. अखेर वहिनी आतून म्हणाल्या, ‘‘अहो, त्याला चहा तरी पिऊ द्या.’’ तेव्हा दोघंही थांबले.

गाडी गेली. एक-दोन रविवार शेडमध्ये बसून विष्णुपंतांनी हत्यारं तेल लावून ठेवली, भिंतीवरचे रंगाचे तुकडे उतरवले. नंतर ते सकाळीच पायी निघायचे, ट्रामच्या रुळाशेजारून माझेरहाटच्या पुलापर्यंत जायचे आणि परत यायचे. जेवण कमी झालं होतं. वहिनी मला म्हणाल्या, ‘‘पोळी मोजत नाहीत हल्ली.’’

चार महिन्यांनी गाडी दारात आली. आम्ही तिघंही बाहेर आलो. ती लाल झाली होती. लाल, आणि बाजूंनी सोनेरी वेलबुट्टी. पुढे मोठा पितळी भोंगा, बॉनेटवर चकचकीत मोर. रामसूरत लग्नाच्या वराती करत होता आणि नवरदेवांना हिरवी गाडी चालत नव्हती. तो मान खाली घालून उभा होता. पंप गळतो आहे, एवढंच म्हणाला.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या, मी विष्णुपंतांकडे. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. सोनेरी वेलीवरून त्यांनी एक बोट फिरवलं. वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी बॉनेट उघडलं. आत सगळं हिरवंच होतं, पुसून स्वच्छ ठेवलेलं. तेलाचा डाग नव्हता.

‘‘आत कोण पुसतं?’’

‘‘हम. रोज.’’

‘‘बरं,’’ विष्णुपंत म्हणाले आणि धोतर खोचून वाकले. पंप दुपारपर्यंत झाला. रामसूरत जेवून गेला. त्यानंतर गाडी महिन्या-दीड महिन्याला येत राहिली, कधी दुखणं घेऊन, कधी नुसतीच. वहिनींनी सांगितलं की पोळ्यांची मोजणी पुन्हा सुरू झाली आहे.

माझ्या बदलीचा हुकूम आला तेव्हा मला त्या घरात आठ वर्षं होत आली होती. निघायच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी आणि विष्णुपंत काळीघाटच्या बाजाराहून परतत होतो. लग्नसराई होती. हाजरा नाक्यावर एक वरात अडकली होती, बँडवाले दमून उभे होते, आणि मध्ये ती लाल गाडी. मागे शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गराचा पांढरा मुकुट घातलेला नवरदेव आणि त्याचे कोणी काका. रामसूरतने आम्हाला पाहिलं. तो गाडीतून उतरला, वाहनांमधून वाट काढत आला आणि विष्णुपंतांचा हात धरला.

‘‘बैठिए, बाबू.’’

‘‘अरे, त्यांची वरात आहे.’’

‘‘आगे की सीट खाली है.’’

ओढत ओढतच त्याने त्यांना नेलं, मी मागोमाग. मागचे काका पुढे वाकून जरा रागानेच बंगालीत म्हणाले, हे कोण गृहस्थ? रामसूरत म्हणाला, ‘‘मालिक.’’

विष्णुपंतांनी मागे वळून काकांना नमस्कार केला. ‘‘नाही, नाही. मी मिस्त्री,’’ ते बंगालीत म्हणाले. काकांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि ते मागे टेकले. नवरदेव हसला. विष्णुपंतांनी भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढे बसले, छत्री गुडघ्यांच्या मध्ये उभी धरून.

नाका सुटला. बँड वाजायला लागला. एका घराच्या गच्चीवरून बायकांनी नवरदेवासाठी शंख फुंकले, तेव्हा विष्णुपंतांनी मान वर करून त्या बाजूला पाहिलं आणि हात जोडले. गाडीने वेग घेतला. गर्दीच्या डोक्यांमधून थोडा वेळ त्यांच्या छत्रीची मूठ दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली.

मी ट्रामने बेहालाला आलो. वहिनी दारात होत्या. मी पिशवी दिली.

‘‘आणि हे कुठे?’’

‘‘वरातीत गेले.’’

‘‘कुणाच्या?’’

‘‘ते नाही विचारलं.’’

वहिनींनी पिशवीत डोकावून पाहिलं, पडवळ बाहेर काढलं, पुन्हा आत ठेवलं.

‘‘जेवूनच येतील मग,’’ त्या म्हणाल्या आणि चुलीवर ठेवलेला भात उतरवायला आत गेल्या.